सूचना: शनिवारचे व्हिडिओ-प्रदर्शन

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला नेहमीच्या जागी दोन अमेरिकन व्हिडिओ-कलाकृती पाहायच्या आहेत. कृपया वेळेवर या, कारण पहिली जेमतेम पाच मिनिटांची आहे.

ती म्हणजे मायकेल स्मिथची 'गो फॉर इट, माइक' (1984). स्मिथने 'माइक' नावाचे एक पात्र घडवले आणि अनेक वर्षे स्वतःच रंगवले. हा माइक साधा, सरळ, थोडा बावळट. जाहिरातींत सांगितलेले सगळे त्याला खरे वाटते. इथे त्याला चकचकीत म्युझिक व्हिडिओच्या साच्यात बसवून 'मेहनत कर, मोठा होशील' या स्वप्नाची टर उडवली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या फेरनिवडणुकीचे ते वर्ष लक्षात ठेवून पाहा, विनोदाची धार कळेल. मला स्मिथ थोर वाटतो तो यासाठी, की तो माइकला कधी तुच्छ लेखत नाही.

दुसरी, अॅलेक्स बॅगची 'अनटायटल्ड फॉल '95' (1995), सुमारे तासाभराची. न्यूयॉर्कच्या कलाशाळेतली विद्यार्थिनी बॅगने स्वतः साकारली आहे. सत्रागणिक तिचे कपडे बदलतात, बोलणे बदलते, कलाकार होण्याच्या कल्पनाही. मधेमधे टीव्हीच्या धर्तीवरची छोटी प्रहसने येतात. ती विषयांतर समजून सोडू नका. कलाशाळेत शिकणाऱ्या किंवा शिकवणाऱ्या सभासदांनी ही चुकवूच नये!

उपशीर्षके नाहीत, त्यामुळे आधी थोडक्यात मराठीत ओळख करून देऊ. नंतर चर्चा. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत गटावर कळवावे, खुर्च्या मोजक्याच आहेत.

— कार्यवाह