वहीतलं भूत

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, जेवण झाल्यावर

ती. बाबा आणि ती. सौ. आई, सा. न.

फोनवरच सांगणार होतो, पण तुमच्याकडं त्या खिडकीच्या कोपऱ्यात मोबाईल ठेवला की जेमतेम दोन मिनिटं रेंज मिळतेय आणि त्यातलं दीड मिनिट "आवाज येतोय काय, आवाज येतोय काय" मध्येच जातंय, म्हणून पत्र. जांबोटीच्या बसचा कंडक्टर ओळखीचा आहे, त्याच्याकडं पिशवी देतोय. पिशवीत कुंद्याचा डबा, बाबांचे डोळ्यात घालायचे थेंब (हिरव्या झाकणाची बाटली रात्रीची, मागच्यासारखी उलटसुलट करू नका) आणि एक दोनशे पानी वही आहे. डबा आधी उघडणार माहितीय मला, पण ही सगळी धडपड त्या वहीसाठी आहे.

झालं असं की मागच्या महिन्यात खडेबाजारात रद्दीच्या दुकानात पावसासाठी म्हणून उभा राहिलो आणि एक इंग्रजी कादंबरी हाताला लागली, कव्हर गेलेली, चाळीस रुपये. 'द घोस्ट अँड मिसेस म्यूर'. 1945 ची. लेखकाचं नाव आर. ए. डिक म्हणून छापलंय, पण ते टोपणनाव, लिहिणारी बाई आहे, जोसेफिन लेस्ली म्हणून. भुताची प्रेमकथा. बाबा, हसू नका. मी पण आधी तोंड वाकडं केलं होतं, आणि त्या रात्री दीड वाजता लाईट गेली तर मोबाईलच्या उजेडात वाचत बसलो.

आता तुमची अडचण मला माहितीय, बाबांना इंग्रजी येतंय पण अक्षर दिसत नाही, आईला अक्षर दिसतंय पण इंग्रजी येत नाही. म्हणून रोज रात्री थोडं थोडं मराठीत करून वहीत उतरवलंय, अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एक ओळ सोडून लिहिलंय. आईनं मोठ्यानं वाचायचं, बाबांनी ऐकायचं. आणि भाषांतरात चुका असणारच, त्या बाबा काढणारच, तर आई, शेजारी लाल पेन घेऊन बस.

गोष्ट शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातली. लुसी म्यूर नावाची तरणी विधवा, दोन पोरं, पदरात पैसा थोडाच, आणि सासू-नणंदा अशा की हिनं काय खायचं, काय नेसायचं, कुठं बघायचं ते सगळं त्याच ठरवणार. (आई, इथं तुला तुझी सासू आठवणार, बाबांच्या समोर बोलू नकोस.) एक दिवस ही बाई उठते आणि म्हणते मी वेगळं राहणार. समुद्राकाठी व्हाइटक्लिफ नावाच्या गावात घर बघायला जाते, घर देखणं, भाडं स्वस्त, आणि घर दाखवणारा एजंटच नको नको म्हणतोय. का, तर तिथं मेलेल्या कॅप्टन डॅनियल ग्रेगचं भूत आहे. ती तेच घर घेते. मला तर तिथंच बाई आवडली.

हा कॅप्टन म्हणजे आपल्याकडचा मुंजाच म्हणा की, लग्न न करता गेलेला, फक्त जरा पिकलेला आणि पिंपळ सोडून स्वतःच्याच घरात ठाण मांडून बसलेला. त्याचं मोठं दुखणं काय, तर झोपेत पाय लागून गॅसची चावी उघडली आणि गेला, पण गाव म्हणतंय आत्महत्या केली. मेल्याचं एवढं वाईट वाटत नाही त्याला, ह्या बदनामीनं पित्त खवळतंय.

आणि बोलणं म्हणजे तोंडात शिवी असल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही. ह्या शिव्यांनी मला लई दमवलं. जहाजावरच्या माणसाच्या शिव्या मराठीत आणायच्या कशा? "अरे मूर्खा" लिहिलं तर कॅप्टन एकदम नाटकातला राजा वाटायला लागला. शेवटी मार्केट यार्डातले हमाल कसे बोलतात ते आठवून लिहिलंय. आई, नको वाटलं तिथं नुसतं "हूं हूं" करून पुढं जा, बाबांना कळतंय.

खरी गंमत पुढं आहे. 1947 मध्ये ह्यावर सिनेमा निघाला, त्यात कॅप्टन दाढीबिढीसकट समोर उभा दिसतोय, पण पुस्तकात तो दिसतच नाही. नुसता आवाज. ती बोलते, तो ऐकतो, तो बोलतो, ती ऐकते, भांडतात पण असंच, आणि एवढ्यावर प्रेम होतंय. हात धरणं नाही, काही नाही. मी वाचताना सारखा तुमच्या पडवीचा विचार करत होतो, पागोळ्या गळताहेत, लाईट गेलेली, बाबा डोळे मिटून आरामखुर्चीत आणि आई कंदिलाजवळ पेपर वाचून दाखवतेय, निधनाच्या बातम्यांसकट.

मध्ये पुस्तक जरा पडतंय, हे पण सांगतो. एक गुळगुळीत बोलणारा माणूस लुसीच्या मागं लागतो, तो कसला आहे हे आपल्याला पहिल्या भेटीत कळतंय आणि तिला कळायला लेखिकेनं बरीच पानं घालवलीत. तिथं मी थोडं गाळलंय. बाबा ओरडणार की मूळ लेखनाला कात्री लावायची नाही, पण हात दुखत होता.

शेजारच्या अज्जींना पण बोलवा ऐकायला, आई कन्नडमधून सांगेल. फक्त आधी अंदाज घे. लहानपणी त्या मला म्हणायच्या, विहिरीकडं जाऊ नको, तिथं देव्व आहे, आणि मला वाटायचं देव आहे, म्हणून मी रोज शाळेला जाताना विहिरीला हात जोडून जायचो. पुढं कधीतरी कळलं देव्व म्हणजे भूत. कॅप्टन ग्रेग वाचताना तेच आठवलं, ह्या भुताला पण नमस्कार चालला असता.

शेवट अजून लिहिला नाही. लुसी पुस्तकात म्हातारी होते, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेला लागतात, मग जे व्हायचं ते होतं. खरं सांगायचं तर दोन दिवस पेन उचललं नाही, वाटलं तुमच्या वयाला हे कशाला पाठवायचं. मग माझाच मला राग आला, रोज सकाळी निधनाच्या बातम्या वाचणाऱ्या माणसांना मी काय जपतोय. पुढच्या रविवारच्या बसनं शेवटचं प्रकरण येतंय.

आणि एक. बाबा, नीट ऐका, आई, हे जरा सावकाश वाच. लुसीकडचे पैसे संपत येतात तेव्हा कॅप्टन म्हणतो, मी माझं आयुष्य सांगतो, तू लिही. तो खोलीत बोलत राहतो आणि ती उतरवून घेते, मेलेल्या माणसाचं आत्मचरित्र तयार होतं, छापलं जातं, घर वाचतं. तुम्ही रिटायर झाल्यापासून म्हणताय की शाळेचं सगळं लिहून काढणार, पावसात नदी ओलांडून पोरं आणायला जायचात ते, एका खोलीत चार वर्ग घ्यायचात ते, पाटीवर मराठी आणि फळ्यावर कन्नड शिकवायचात ते. आधी वेळ नव्हता, मग डोळे गेले. पण तोंड तर शाबूत आहे की, आणि तुमच्या शिव्या कॅप्टनपेक्षा काही कमी नाहीत, शाळेतली पोरं साक्षीला आहेत.

वहीची मागची साठ पानं कोरी सोडलीयत. आई, त्यावर दुधाचा हिशेब लिहू नकोस.

डबा घासून परत पाठव, तो हिचा आहे, गेल्या वेळचा पण अजून आला नाही.

तुमचा,
बाळू