ताई, पासवर्ड आमच्या हातात दिलात

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

मार्चमध्ये आमच्या कांदा पावडरच्या कंपनीची बिलं पिशवीत कोंबून आम्ही दोघी नाशिकमधल्या तुमच्या ऑफिसात आलो, तेव्हा तुम्ही फीचा विषयच काढला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "जीएसटी पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?" आम्हाला ते माहीत नव्हतं. आधीच्या कर सल्लागारांनी नोंदणी करताना स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकला होता. नोटिसा त्यांना जायच्या आणि ते आमचा फोन उचलत नव्हते. तुम्ही अर्ज लिहून दिलात, कागदपत्रं जोडलीत आणि जीएसटी कार्यालयात आमच्याबरोबर येऊन नंबर बदलून घेतलात. मग नवा पासवर्ड मला टाइप करायला सांगून स्वतः खिडकीकडे तोंड करून बसलात. ते मी कधीच विसरणार नाही.

"विक्री नाही, म्हणजे काही भरायचं नाही," असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. प्रायव्हेट लिमिटेडची विक्री शून्य असली तरी ऑडिट चुकत नाही, एओसी-4 (वार्षिक हिशेबाचा फॉर्म) आणि एमजीटी-7ए (कंपनीचं वार्षिक विवरणपत्र) भरावेच लागतात आणि उशीर झाला की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला 100 रुपये लागतात, हे तुम्ही पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलंत. एकाचे 110 दिवस, दुसऱ्याचे 80. एकूण 19,000 रुपये. मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही चहा सांगितलात आणि म्हणालात, "जितक्या लवकर भरू, तितके रोजचे 200 वाचतील."

ड्रायरच्या बिलावर विक्रेत्याने आमचा जीएसटी नंबर चुकीचा टाकला होता, म्हणून ते बिल 2बीमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या खरेदीच्या क्रेडिटच्या यादीत, दिसतच नव्हतं. तेही तुमच्याच नजरेला पडलं. विक्रेत्याशी बोलून दुरुस्ती करून घेतलीत, म्हणून ते क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळालं.

तुमची फी महिना 2,500. आम्हाला परवडावी म्हणून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आम्हालाच शिकवल्यात आणि तपासायचं काम तेवढं स्वतःकडे ठेवलंत. सरकारी चलन नेहमी कंपनीच्याच खात्यातून भरायला लावता. करापोटी एक रुपयाही तुमच्या हातात घेत नाही.

या महिन्याचा 3बी, म्हणजे जीएसटीचा मासिक रिटर्न, 17 तारखेलाच भरला. भरल्याचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला.

मनापासून आभार, ताई. कांदा पावडरच्या पहिल्या बॅचचं पाकीट घेऊन शनिवारी येतो.

तुमच्या,
आम्ही दोघी