आत्याचा कॅन्सर पण दवाखान्याच्या फॉर्ममध्ये लिहा

मा. संपादक,

ऑक्टोबर महिना आला की ब्रेस्ट कॅन्सरवर बरंच छापून येतं, चांगलंच आहे, पण त्यात एक गोष्ट कायम राहून जाते म्हणून मुद्दाम लिहायला बसले. हा आजार ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या येतो तिथे तो वडिलांच्या बाजूनेही येतो. हे मला वयाच्या 40 व्या वर्षी कळलं आणि ते कळायला माझी आतेबहीण आजारी पडावी लागली.

मी तिशीत असताना छातीत गाठ लागली म्हणून दाखवायला गेले होते, साधीच निघाली. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, आईला किंवा मावशीला होता का? मी नाही म्हटलं, ते म्हणाले मग काळजी नको. आत्याचं कुणी विचारलंच नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही, कारण आमच्या घरात आत्या "पोटात पाणी होऊन" गेली एवढंच सांगायचे. तो अंडाशयाचा कॅन्सर होता हे घरातल्या मोठ्यांना माहीत होतं, पण तिच्या मुलींची लग्नं व्हायची होती ना, मग खानदानात कॅन्सर आहे असं कोण बोलणार.

त्याच मुलींपैकी एकीला 38 व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ज्यावर नेहमीची काही औषधं लागू पडत नाहीत असा प्रकार. तिच्या डॉक्टरांनी जीनची टेस्ट करायला लावली आणि बीआरसीए1 या, बिघडला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या जीनमध्ये बिघाड सापडला. हा बिघाड आईकडून येऊ शकतो तसाच वडिलांकडून, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळायची शक्यता निम्मी असते. म्हणजे आजीकडून किंवा आजोबांकडून तो आत्याला आला तसा माझ्या बाबांनाही आला असणार, फक्त बाबांना काही झालं नाही म्हणून आमच्या शाखेत कुणाच्या लक्षात आलं नाही. (पुरुषांना काहीच होत नाही असंही नाही, विशेषतः बीआरसीए2 या अशाच दुसऱ्या जीनमध्ये बिघाड असेल तर प्रोस्टेटचा आणि क्वचित स्तनाचाही होतो.)

घरात एकदा नेमका बिघाड कळला की बाकीच्यांची टेस्ट सोपी असते, थोडं रक्त देऊन तेवढी एकच जागा बघायची. मी केली, माझी पॉझिटिव्ह आली, धाकट्या बहिणीची निगेटिव्ह. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, म्हणे मीच दिलं पोरीला. त्यांना काउन्सिलरनेच समजावलं की हे कुणाच्या हातात नसतं. म्हणूनच टेस्टच्या आधी आणि नंतर जेनेटिक काउन्सिलिंग, म्हणजे टेस्टचा अर्थ नीट समजावून सांगणारा सल्ला, हवंच असं मला वाटतं, नुसता ऑनलाइन किट मागवून रिपोर्ट हातात घेऊन बसू नये. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सर जेनेटिक्सची वेगळी ओपीडी आहे हे पण कितीजणांना माहीत असतं?

2017 मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात बीआरसीए1 चा बिघाड असलेल्या बायकांना वयाच्या 80 पर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता 72 टक्के आणि अंडाशयाचा 44 टक्के निघाली. आकडे वाचून पोटात गोळा येतो पण हे बहुतेक परदेशातल्या घरांचे आकडे आहेत, आपल्या लोकांचा डेटा त्यात फार कमी. त्यामुळे आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये "अर्थ अनिश्चित" (म्हणजे जीनमध्ये बदल आहे, पण तो धोक्याचा की नाही हे माहीत नाही) असा शेरा जास्त वेळा येतो आणि बाई घाबरून जाते, तर तेवढ्यावर ऑपरेशनचा निर्णय घ्यायचा नसतो. मी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करते, आणि 41 व्या वर्षी अंडाशय आणि नळ्या काढून घेतल्या, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी अजून नाहीच.

मला सारखं एक आठवत राहतं. 1990 मध्ये अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या शास्त्रज्ञ बाईंनी हा जीन 17 व्या क्रोमोसोमवर आहे हे दाखवलं ते 23 कुटुंबांवरून, ज्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या 146 केसेस होत्या. त्या घरांतल्या लोकांनी कोण कशाने गेलं ते सांगितलं, रक्त दिलं, म्हणून आज माझी टेस्ट होऊ शकली. आपण मात्र आत्याचा आजार झाकून ठेवतो, मग आपला डेटा येणार कुठून?

टेस्ट पॉझिटिव्ह आली तर इन्शुरन्सवाले नाकारतील ही भीती पण खरी आहे. अमेरिकेत 2008 पासून हेल्थ इन्शुरन्सपुरता तरी यासाठी कायदा आहे, आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. 2018 मध्ये दिल्ली हायकोर्टाने आनुवंशिक आजाराच्या नावाखाली क्लेम नाकारणं भेदभाव आहे असं म्हटलं होतं, त्यावर तुमच्या पेपरने सविस्तर लिहावं ही विनंती. आणि आरोग्य पुरवणीत एकदा रिकामा वंशवृक्ष छापा, आई आणि वडील दोन्हीकडचा, प्रत्येकाचा आजार आणि तेव्हाचं वय लिहायला जागा ठेवून, म्हणजे लोक तो कापून डॉक्टरकडे नेतील.

आमच्याकडे चुलत भावाने अजून टेस्ट केलेली नाही. त्याला दोन मुली आहेत, दिवाळीला येईल तेव्हा पुन्हा विचारणार आहे.

– एक वाचक, कराड