रिपोर्टमधल्या ‘रिअॅक्टिव्ह’ शब्दाखालचा बारीक आकडा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर बीपी, शुगर, गुडघेदुखी, केस गळणं असं सगळं येतं, पण गरमीबद्दल, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या सिफिलिसबद्दल, कधी ओळ येत नाही. लाज वाटते हे समजू शकतो, पण आजार काही लाजत नाही. मी लॅब टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं, आता रिटायर होऊन देवगड तालुक्यात घरी असतो, तरी लोक रिपोर्ट घेऊन येतातच, तेही दिवेलागणीनंतर, मागच्या दाराने.

या शिमग्यातली गोष्ट सांगतो. एक खलाशी आला, ओळखीतलाच. मागच्या जुलैमध्ये, पावसाळी मासेमारी बंदीमुळे बोट किनाऱ्याला असताना, त्याचं निदान झालं होतं आणि बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन घेऊन झालं होतं. सहा महिन्यांनी परत रक्त तपासायचं सांगितलेलं, पण सहा महिने म्हणजे जानेवारी, ऐन सीझन, तेव्हा हा खोल समुद्रात. शेवटी शिमग्याला घरी आला तेव्हा एका खाजगी लॅबमध्ये रक्त दिलं आणि माझ्याकडे येऊन म्हणतो, “काका, परत पॉझिटिव्हच इला. इंजेक्शन फुकट गेला काय?” रिपोर्टवर ‘रिअॅक्टिव्ह’ हे ठळक अक्षरात आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात १:८. मी विचारलं आधीचा रिपोर्ट कुठाय, तर म्हणे चुलीत घातला, बायकोच्या हाती लागेल म्हणून. नशीब, डॉक्टरला व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो मोबाईलमध्ये राहिला होता. त्यात होतं १:३२.

म्हणजे ह्या माणसाचं इंजेक्शन उत्तम लागू पडलं होतं आणि तो तीन रात्री झोपला नव्हता.

तो आकडा काय असतो ते सांगतो, आगळाचंच, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाचंच, उदाहरण घ्या. आगळात तेवढंच पाणी घालायचं, मग त्यातलं निम्मं दुसऱ्या वाटीत घेऊन परत तेवढंच पाणी, असं करत जायचं आणि शेवटचा लाल रंग कुठल्या वाटीपर्यंत दिसतो ते बघायचं. आम्ही रक्तातल्या सिरमचं, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पाण्याचं, तेच करतो सलाइन घालून: १:२, १:४, १:८, १:१६, १:३२. हा आकडा देणाऱ्या दोन टेस्ट, आरपीआर आणि व्हीडीआरएल. आरपीआर असेल तर पांढऱ्या कार्डावर सिरमच्या थेंबात कोळशाचे बारीक कण असलेलं अँटिजेन मिसळून कार्ड ८ मिनिटं रोटेटरवर फिरवायचं, मग काळे कण गोळा होऊन बसले तर रिअॅक्टिव्ह, एकसारखे पसरलेले राहिले तर नाही. व्हीडीआरएलचे गठ्ठे मात्र मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात. ज्या शेवटच्या डायल्युशनला कण गोळा झाले तो टायटर, म्हणजे तुमचा आकडा.

आता हा आकडा एक पायरी खाली आला, समजा १:१६ चा १:८ झाला, तर त्यावरून काही ठरवायचं नाही, तेवढा फरक हाताने-डोळ्याने करायच्या टेस्टमध्ये होतोच, एकच सिरम सकाळी आणि संध्याकाळी लावलं तरी होईल. दोन पायऱ्या खाली आला, म्हणजे चौपट कमी झाला, की औषध लागू पडलं म्हणायचं. सुरुवातीच्या टप्प्यातला आजार असेल तर साधारण वर्षभरात हे व्हायला पाहिजे, म्हणून ६ आणि १२ महिन्यांनी रक्त. जुना, आत दडून बसलेला असेल तर २ वर्षंही लागतात, तिथे २४ महिन्यांनी पण बघायचं. एचआयव्ही असेल तर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि मग २४ महिन्यांनी. आणि सुरुवातीच्या टप्प्यात नीट उपचार घेऊनसुद्धा शंभरातल्या दहा-वीस जणांचा आकडा वर्षात चौपट उतरत नाही, काहींचा १:२, १:४ वर येऊन वर्षानुवर्षं तिथेच बसतो, त्याला सेरोफास्ट म्हणतात. म्हणून लगेच परत इंजेक्शनं टोचून घ्यायची नसतात, डॉक्टरने माणूस तपासून, गरज वाटली तर एचआयव्हीचं रक्त बघून ठरवायचं असतं.

उलट आकडा दोन पायऱ्या वर चढला तर मात्र दुर्लक्ष करू नका. एका जोडप्याचं बघितलंय, नवऱ्याचा १:४ वरून परत १:३२, आणि सगळे औषधाला शिव्या घालत बसलेले. विचारलं तर कळलं की बायकोचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. हा आजार एकदा झाला म्हणून परत होत नाही असं काही नाही, जोडीदाराचा उपचार राहिला तर तो फिरून येतो.

आणखी एक घोळ टीपीएचएचा. ही टेस्ट जंतूच्या विरुद्धच्या अँटिबॉडी बघते आणि बहुतेकांची ती बरं झाल्यावरही जन्मभर पॉझिटिव्ह राहते, म्हणजे लहानपणच्या देवीच्या लशीचा व्रण दंडावर राहतो तशी. फॉलोअपला तिचा काही उपयोग नाही. तरी लोक दर सहा महिन्यांनी पैसे घालून तीच करतात आणि दर सहा महिन्यांनी रडतात. आखातात नोकरीला जायच्या मेडिकलला आमच्याकडची पोरं इथेच अडकतात, तेव्हा उपचाराचे कागद आणि उतरत गेलेले आकडे हातात असले तर डॉक्टरांशी बोलायला काहीतरी असतं, चुलीत घातले असले तर काय दाखवणार.

चाकरमान्यांचं आणखी वेगळं. पहिलं रक्त मुंबईला, व्हीडीआरएल. दुसरं गणपतीला गावी आल्यावर तालुक्याला, आरपीआर. मग आकडे शेजारी ठेवून हिशोब करतात. तो होत नाही, आरपीआरचा आकडा बरेचदा थोडा जास्त येतो. पहिल्यांदा जी टेस्ट तीच पुढे, आणि जमलं तर लॅबही तीच. आणि पहिला आकडा इंजेक्शन दिलं त्याच दिवशीचा पाहिजे, कारण इलाज सुरू व्हायच्या आधी आठवडाभरात तो वरही जाऊ शकतो.

लॅबवाल्या माझ्या भाईबंदांवर राग आहे तो इथेच काढतो. नुसतं ‘रिअॅक्टिव्ह’ लिहून आकडा न देणं म्हणजे नाखव्याला मासळी मिळाली एवढंच सांगून किती टोपल्या ते न सांगण्यासारखं. पण मी तरी कुठला शहाणा. नोकरीच्या पहिल्या वर्षात एका बाईला खिडकीतून मोठ्याने “अजून पॉझिटिव्ह आहे” म्हणालो, मागे रांग होती. तिचा आकडा १:६४ वरून १:८ वर आला होता, ते सांगायच्या आधी ती निघून गेली आणि परत कधी आली नाही.

नावानेही गोंधळ केलाय. गरमी म्हणतात म्हणून लोक कोकम सरबत आणि सब्जा पितात. पितात तर पिऊ देत, पण पेनिसिलिनच्या जागी नको. १६व्या शतकातल्या आयुर्वेदाच्या ग्रंथात ह्याला फिरंग रोग म्हटलंय, तेव्हा दोष फिरंग्यांवर ढकलला, आता खलाश्यांवर ढकलतात. प्रत्यक्षात गरोदर बायांच्या पहिल्या तपासणीत आणि रक्तपेढीच्या प्रत्येक पिशवीत ही टेस्ट होते आणि तिथे सगळ्या घरांतले निघतात. ह्यातले काही खोटे पॉझिटिव्हही असतात, ल्युपस, कुष्ठरोग, मलेरिया, कधी नुसतं गरोदरपण, म्हणून व्हीडीआरएल आलं की टीपीएचएने खात्री करायची, त्या टेस्टचं काम तेवढं.

सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी, औषध फुकट आहे, १०९७ वर फोन करून जवळचं विचारता येतं. एवढं १ जूनच्या आधी छापा, बंदी लागली की पोरं दोन महिने घरी असतात.

त्या खलाश्याने आता दोन्ही रिपोर्ट बोटीच्या लायसन्सच्या फाईलमध्ये घातलेत, तिथे बायको हात लावत नाही म्हणतो. बायकोचं रक्त तपासायचं अजून बाकी आहे, त्यावर आमची वादावादी चालू आहे.

माझं नाव छापू नका. गावात लोक मला काही बोलणार नाहीत, पण मागच्या दाराने येणाऱ्यांकडे बघायला लागतील.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग