गोळी संपली नव्हती, थप्पीत दबली होती

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या महिन्यात आईची बीपीची गोळी आणायला आमच्या भागातल्या एका आरोग्य केंद्रात गेलो तर ॲम्लोडिपिन संपलीय, आठवड्यानं या म्हणाले. मी तासगावात मेडिकलमध्ये कामाला आहे त्यामुळं नजर जायची तिथं गेलीच, स्टोअरचं दार उघडं होतं, आत खोकी थेट फरशीवर भिंतीला टेकवून रचलेली, खालची ओलीनं फुगलेली, आणि त्याच थप्पीत तळाला ॲम्लोडिपिन लिहिलेलं खोकं. दाखवल्यावर मॅडमनी काढलं, एक्स्पायरीला दोन महिने राहिलेले.

मी मॅडमना दोष देत नाही. एकट्याच फार्मासिस्ट, लाईनीतल्या लोकांना गोळ्या द्यायच्या, रजिस्टर लिहायचं, ई-औषधीवर (सरकारी औषधसाठ्याची ऑनलाइन नोंद) एन्ट्री करायची आणि गाडी आली की खोकीपण त्यांनीच लावायची, एका माणसाकडनं किती होणार?

आमच्याकडं मालक पहिल्या दिवशी एकच शिकवतात, ज्याची एक्स्पायरी आधी ते पुढं, मग ते कालच आलेलं का असेना. तीन महिने राहिले की तो माल वेगळा काढायचा. जिल्हा परिषदेनं एवढं जरी सगळीकडं सुरू केलं, म्हणजे दर महिन्याला तीन महिन्यांत संपणाऱ्या औषधांची यादी शेजारच्या केंद्रांना पाठवायची आणि जिथं पेशंट जास्त तिथं माल द्यायचा, तरी खूप औषध वाचेल. खोकी ठेवायला लाकडी फळ्या आणि भिंतीपासून वीतभर जागा, याला काय मोठा खर्च नाही. कृष्णाकाठच्या गावांत तर 2019 ला आणि 2021 ला पूर बघितलाय, तिथं पावसाळ्याआधी औषधं वर हलवायलाच पाहिजेत.

फ्रिजचं पण सांगतो. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं असतं, बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलं तर ते परत वितळवून चालत नाही, टाकूनच द्यावं लागतं, आणि बाटलीकडं बघून ते कळेलच असं नाही. लसीच्या फ्रिजचं तापमान दिवसातनं दोनदा लिहायचा नियम आहे, तसंच औषधाच्या फ्रिजचंपण लिहा की, रविवारी रात्रभर लाईट गेली तर सोमवारी कुणाला कळणार?

आईला त्या दिवशी महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. पण माझ्या आधी एका आजोबांना हीच गोळी नाही म्हणून परत पाठवलेलं, ते एसटीनं आलेले, मी बाहेर येऊन बघितलं तोवर गाडी गेलेली.

- एक मेडिकल कामगार, तासगाव, जि. सांगली