ब्रेक्झिट : विरोधकांकडे योजना होती, ती त्यांनीच मोडली

महोदय,

ब्रेक्झिटवरचा, म्हणजे ब्रिटनच्या युरोपीय महासंघातून बाहेर पडण्यावरचा, कालचा लेख वाचला. विरोधकांकडे काही योजनाच नव्हती, ते नुसता गोंधळ घालत राहिले, असा एकूण सूर. सप्टेंबर २०१९ हा महिना सरळ वगळला की असे काहीही लिहिता येते.

कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, रोज काय चर्चेला घ्यायचे ते सरकार ठरवते. ३ सप्टेंबरला विरोधकांनी तातडीच्या चर्चेचा स्थायी आदेश २४ वापरला आणि दुसऱ्या दिवसाचे कामकाज ३२८ विरुद्ध ३०१ मतांनी आपल्या ताब्यात घेतले. सत्ताधारी हुजूर पक्षाचे २१ बंडखोर सोबत होते, तेही पक्षातून काढले जाण्याची तयारी ठेवून. ४ तारखेला मजूर पक्षाचे खासदार हिलरी बेन यांचे विधेयक एकाच दिवसात कॉमन्समध्ये संमत झाले आणि ९ तारखेला त्याचा कायदा झाला. १९ ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडण्याच्या कराराला किंवा कराराविना बाहेर पडण्याला संसदेची मंजुरी मिळाली नाही, तर पंतप्रधानांनी महासंघाला पत्र लिहून ३१ जानेवारी २०२० पर्यंत मुदतवाढ मागायची. त्या पत्राचा मजकूरसुद्धा परिशिष्टात छापलेला, म्हणजे शब्द फिरवायला जागाच नाही. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी सही केली नाही, पण पत्र धाडावेच लागले. याला योजना म्हणायचे नाही तर कशाला?

घोडे पेंड खाल्ले ते पुढे, आणि त्यावर लेखात एक ओळ नाही. मुदतपूर्व निवडणुकीला ६५० पैकी ४३४ मते लागत. प्रमुख विरोधी मजूर पक्षाने साथ दिली नाही, म्हणून जॉन्सन यांचा प्रस्ताव तीनदा पडला. २२ ऑक्टोबरला बाहेर पडण्याच्या त्यांच्या करार-विधेयकाचे दुसरे वाचन (म्हणजे तत्त्वतः मंजुरी) पार पडले, त्यात मजूर पक्षाच्याच १९ खासदारांची मते होती. पण ते तीन दिवसांत उरकण्याचे वेळापत्रक ३२२ विरुद्ध ३०८ ने फेटाळले गेले. आता कलमवार चर्चा करून कस्टम्स युनियनची (महासंघाशी सामायिक जकात-व्यवस्थेची) दुरुस्ती मांडता आली असती. १ एप्रिलला कस्टम्स युनियनचा ठराव अवघ्या ३ मतांनी पडला होता, तोही स्कॉटिश नॅशनल पार्टी तटस्थ राहिल्यामुळे! अशा वेळी सरकारला महिनाभर तिथेच अडकवून ठेवायचे असते. त्याऐवजी लिबरल डेमोक्रॅट आणि स्कॉटिश नॅशनल पार्टी निवडणुकीसाठी उतावीळ झाले. निवडणुकीसाठी साध्या बहुमताने संमत होणारे छोटे विधेयक पुढे आले आणि ४३४ ची अट निरुपयोगी ठरली. मुदतवाढ मिळाल्यावर मजूर पक्षानेही मान तुकवली. २९ ऑक्टोबरला ते ४३८ विरुद्ध २० ने संमत झाले. डिसेंबरात जॉन्सन यांना ८० चे मताधिक्य मिळाले आणि लिबरल डेमोक्रॅटच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची जागाही गमावून बसल्या. हातातली एकमेव किल्ली आपण होऊन देऊन टाकली, याचे आजही वाईट वाटते.

जाता जाता आणखी एक. सभापती जॉन बर्को यांना लेखात 'मजूर पक्षाचे' म्हटले आहे. ते हुजूर पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले होते आणि सभापती झाल्यावर प्रथेप्रमाणे पक्षापासून अलग झाले. मजूर पक्षात ते गेले २०२१ मध्ये, सभापतिपद सोडल्यानंतर. ही दुरुस्ती कृपया त्याच पानावर, वाचता येईल अशा टाइपात छापावी.

— एक वाचक, सांगली