पाटी अर्धीच खरी निघाली

ओमारू, न्यूझीलंड
२३ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "पाटी काय, कोणीही रंगवतं. मोजून बघ." मोजलं.

वायटाकी नदी ओलांडून महामार्ग एकवरून ओमारूकडे यायला लागलं की ती पाटी लागते. ४५ अंश दक्षिण, विषुववृत्त आणि दक्षिण ध्रुव यांच्या मधोमध, असा मजकूर. लोक गाडी थांबवतात, फोटो काढतात, निघून जातात. मी आज एक मीटरची काठी आणि टेप घेऊन गेले. आज विषुवदिन, दिवस-रात्र सारखे, म्हणजे ४५ अंशावर माध्यान्हीची सावली काठीएवढीच पडायला हवी. तुम्हीच शिकवलेलं. फक्त माध्यान्ह बाराला नसते इथे. घड्याळ १८० रेखांशाचं आणि मी उभी १७१ च्या आसपास, त्यामुळे साडेबारा वाजतात. वाऱ्यात काठी उभी राहीना, शेवटी दगड रचले. सावली भरली ९८ सेंटिमीटर! दोन सेंटिमीटर काठी कलली असेल म्हणून सोडून द्या. सावली पडली दक्षिणेला, कारण इथे सूर्य उत्तरेकडून जातो, तोही उजवीकडून डावीकडे. वर्ष होत आलं तरी दुपारी रस्ता विचारला की माझी दिशा चुकते.

पण बाबा, पाटी अर्धीच खरी. अंश बरोबर, 'मधोमध' चूक. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी, म्हणून ध्रुवाकडे जाताना एकेक अंश किंचित लांबत जातो. पाटीपासून विषुववृत्त सुमारे ४९८५ किलोमीटर आणि ध्रुव ५०१७. खरा मध्य आणखी सोळा किलोमीटर दक्षिणेला, ओमारू गावाच्याही पलीकडे. कामाला जाताना मी तो रोज ओलांडते आणि फोटो काढायला मात्र उलट्या दिशेला गेले!

वाऱ्याचं सांगते. या अक्षवृत्तावरून सरळ पूर्वेला निघालं तर पहिली जमीन थेट चिलीची. मग अर्जेंटिना, आणि त्यानंतर पुन्हा न्यूझीलंडचा पश्चिम किनारा येईपर्यंत नुसतं पाणी. आफ्रिका आणि टास्मानिया दोन्ही वर उत्तरेलाच संपतात. पश्चिमेच्या वाऱ्याला अडवणारं कोणी नाही, म्हणून खलाशी चाळीस ते पन्नास अंशांच्या या पट्ट्याला 'गर्जणारे चाळीस' म्हणत. १६११ मध्ये हेन्ड्रिक ब्राउवर नावाच्या डच माणसानं आफ्रिकेच्या टोकाहून जावाला जाताना हाच वारा धरला आणि प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला. माझी मात्र दोरीवरची चादर शेजारच्या कुंपणात सापडते.

आईला सांगा, ध्रुवतारा इथून दिसतच नाही, तो कायम क्षितिजाखाली. त्याच्या बदल्यात अगस्त्य कधी मावळत नाही. आपल्याकडे थंडीत दक्षिणेला तो काही तास दिसतो, इथे वर्षभर डोक्याभोवती फिरत असतो. जानेवारीत मृग पाहिलं तर पाय वर आणि व्याध त्याच्याही वर. आणि उत्तरायण! डिसेंबरात सूर्य उत्तरेकडे वळला की तुमचा दिवस वाढायला लागतो, आमचा त्याच दिवसापासून घटायला. तेव्हा इथे साडेपंधरा तासांहून मोठा दिवस असतो, रात्री नऊलाही उजेड. जूनमध्ये मात्र पावणेनऊ तासच. त्या दिवसांत मी कुणाला फोन केला नाही म्हणून आई रागावली होती. कारण एवढंच होतं, कामावरून सुटायच्या आत अंधार पडे आणि बोलायची इच्छाच मरायची.

२२ डिसेंबरला परत काठी घेऊन जाणार आहे. सावली ४० सेंटिमीटर यायला हवी. तुम्ही त्याच दिवशी नाशिकला गच्चीवर मोजा. तुमची ९५ च्या आसपास यावी. काठी आईला धरायला लावू नका, ती बोलता बोलता तिरकी करते.

तुमची,
मनू